अकरा महिन्यांचं वर्ष

माझ्या पिशवीत अंगठ्याचं यंत्र असतं,
लॅपटॉप, दोन चार्जर, डबीत ओलं फडकं.
घरोघर जाऊन भाडेकरार नोंदवतो मी.
मुलुंड, मालाड, कधी चेंबूर.
लिफ्ट चालू असली की दिवस चांगला.

जनगणना दहा वर्षांनी येते, आली तर.
मी रोज संध्याकाळी मोजतो.

पूर्वी एका घरामागे पाच नावं लिहायचो :
नवरा, बायको, दोन पोरं
आणि डोळ्यांच्या ऑपरेशनला आलेली, मग राहिलेली सासू.
आता टूबीएचकेत तिघीजणी,
तिघींचे तीन करार,
फ्रीजच्या कप्प्यांना चिकटपट्टीवर नावं.
मालकांची वयं मात्र चढत गेली.
एकाहत्तर. अठ्ठ्याहत्तर. मुलगा टोरांटोत,
कुलमुखत्यारपत्र कुरियरने.

ऑर्लेमच्या मिस डिमेलोंनी चारांतल्या तीन खोल्या दिल्या,
स्वतः स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत सरकल्या.
पैशासाठी नाही, म्हणाल्या,
रात्री कुणीतरी नळ सोडल्याचा आवाज यावा म्हणून.
या कारणाला फॉर्मवर रकाना नाही.
मी लिहिलं : निवासी वापर.

मुलुंडला एक इमारत पाडायला घेतली.
बेचाळीस कुटुंबं एकाच महिन्यात बाहेर,
सगळ्यांना शाळेच्या जवळच हवं,
सगळ्यांना तीच भाजीवाली हवी.
बिल्डर देतो अठ्ठावीस, गल्ली मागते छत्तीस.
मधले आठ हजार
मी कितीतरी स्वयंपाकघरांत बघितलेत,
ओट्यावर, डब्याखाली दुमडलेल्या हिशोबाच्या कागदात.

त्यातलेच खवणेकरकाका. छापखान्यात जुळारी होते.
पस्तीस वर्षं खिळे जुळवून
अंगठा इतका गुळगुळीत, की यंत्र ओळखेना.
पुन्हा प्रयत्न करा. पुन्हा प्रयत्न करा.
कपाळावर घासा काका, मी म्हटलं,
कपाळाचं तेल लागलं की उमटतो.
ते हसले. "कपाळच घासत आलोय," म्हणाले,
आणि पाचव्या खेपेला उमटले.

रोशनआरा तांबोळीला नऊ सोसायट्यांनी फिरवलं.
फोनवर घर रिकामं असायचं,
नाव सांगितलं की दहा मिनिटांपूर्वीच गेलेलं.
दहाव्या ठिकाणी मिळालं, लिफ्टच्या मोटरीखाली.
कायमचा पत्ता, मी विचारलं.
गावचं घर आजोबांनीच विकलेलं.
ती जरा थांबली,
मग जिथून काल सामान हलवलं होतं
तोच पत्ता सांगितला.
मी टाइप केला.

अकराच महिने का, लोक विचारतात.
कायद्याचं काहीतरी जुनं आहे, मी सांगतो.
बारावा कुठे जातो ते मला ठाऊक आहे,
तो टेंपोच्या मागे जातो,
गादी आणि वॉशिंग मशीनच्या फटीत, कुंडी मांडीवर घेऊन.

माझंही तेच. भांडुप, दिवा, बदलापूर, आता वांगणी.
दर करारागणिक घर एक-दोन स्टेशनं मागे सरतं.
बायको म्हणते, पुढे कर्जत, मग घाट,
घाट चढून उतरलो की निदान पुणं तरी येईल.

आमचा मालक घाटकोपरचा दातांचा डॉक्टर.
गुंतवणूक म्हणून सहा फ्लॅट घेतले, एकही बघितलेला नाही.
परवा करार वाढवायला त्याच्या दवाखान्यात गेलो,
खुर्चीत पेशंट आ करून.
एका हाताचा मोजा काढून त्याने अंगठा दिला, विचारलं,
तिथे खिडकीतून काय दिसतं हो?

डोंगर, मी म्हटलं. पावसाळ्यात नदीही.
आणि समोरचा टॉवर, चौदा मजली,
रात्री दिवे मोजतो आम्ही, मुलगी आणि मी.
किती भरतात?
काल सात.

म्हणजे अजून वाव आहे, तो म्हणाला,
आणि मोजा चढवून पेशंटकडे वळला.
मी माझा अंगठा फडक्याने पुसला, टेकवला.
पहिल्याच खेपेला हिरवा दिवा लागला.