चार कोऱ्या ओळी

ओल्यांवच्या कारखान्यात
सार्डिन मासे डब्यात बसतात, डोक्याशिवाय.
माणसं बसतात माझ्या तक्त्यात,
एका ओळीत एक.

एर्मेलिंडा दर महिन्याला पगाराची पावती
खिडकीच्या उजेडात धरायची,
अंगठ्याला खवलं चिकटलेलं.
"आठशे युरो कमावले, मग हे अठ्ठ्याऐंशी कुणी खाल्ले?"

खाल्ले नाहीत, बाई. पुढे गेले.
तुझे अठ्ठ्याऐंशी, मालकाच्या पदरचे एकशे नव्वद,
एकाच वाटेनं लिस्बनला जातात.

"म्हणजे तिथं माझ्या नावाची पेटी आहे?"

पेटी नाही. नावापुढे फक्त नोंद राहते,
किती महिने, किती पगारावर.
पैसे पोचले की लगेच निघतात.
तो बघ बाल्तझार, जन्मभर जाळी विणली,
आता सुईत दोरा जात नाही;
त्याच्या आजच्या कॉफीत तुझी एक दुपार विरघळतेय.

"आणि माझ्या कॉफीत?"

एखादी पोर,
जिचे दुधाचे दात अजून पडायचेत.

ती हसली, "मग तिला कुणीतरी
पोटभर जेवायला घाला रे."

त्या हिवाळ्यात पत्र्याचं बिल थकलं.
सेन्योर काझिमिरु दाराशी उभ्या उभ्या म्हणाले,
"कापायचं ते काप. पाठवू नकोस.
त्या तिघींची नावंही कळवू नकोस.
वसंतात बघू."

वसंत आला.
बघितलं कुणीच नाही.

त्यांचे एकशे नव्वद त्यांनी बुडवले,
तो त्यांचा खिसा, त्यांचं पाप.
पण ते अठ्ठ्याऐंशी तर तिच्याच हातातले,
आणि कापणारं पेन माझं.

काल ती सरकारी खिडकीवरून थेट इथे आली,
एकतीस वर्षं एका कागदावर घेऊन.
मधेच चार ओळी कोऱ्या,
नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

"तेव्हा मी आजारी होते का रे, फौस्तिनु?
मला तर बर्फाचं पाणीच आठवतंय,
बोटं बधिर व्हायची ते."

तळाच्या खणात
त्या चार पावत्यांच्या प्रती आहेत,
तिची सही, माझा शिक्का.

मी किल्ली शोधू लागलो.
खिशातच होती.
बराच वेळ शोधली.