शोधपेटी

तार्तूत नोव्हेंबरात साडेतीनलाच दिवे लागतात.
विद्यापीठाच्या तळघरातल्या खोलीत
मी हेल्यूबाईंच्या मागे बसले, हाताची घडी घालून.
चाचणीचा नियम असा: बघायचं, सांगायचं नाही.

व्होरूजवळ त्यांचा वृद्धाश्रम.
तिथली तीन माणसं देशाची भाषा विसरलीत,
उरलीय ती लहानपणची, शेताबांधावरची व्होरो.
मंगळवारी तासभर त्या भाषेत कुणी सोबत करेल,
असं एखादं पोर हवंय. मागणं एवढंच.

माझी शोधपेटी चपळ, आणि मला त्याचा गर्व.
अक्षर पडायचा अवकाश, की यादी हलते:
चौदा हजार मुलं, मग नऊशे, मग एकेचाळीस.
चाळणीतून पीठ गळावं तशी नावं गळतात
आणि वर राहतो तो, ज्याने सगळे रकाने भरले.
दोन अक्षरांमध्ये मी थोडी उसंत ठेवलीय,
सेकंदाचा तिसरा हिस्सा.
माणूस अजून बोलतोय, मध्ये तोंड घालू नये.

हेल्यूबाईंना दोन अक्षरांमध्ये
चष्मा पुसायचा असतो.

लॅपटॉप परदेशी. ज्याच्या डोक्यावर लाट असते
तो आमचा ओ त्याच्या कळफलकावर नाही.
बाईंनी एका बोटाने साधा ओ दाबला
आणि यादी रिकामी झाली.
'काही आढळले नाही.'
हे वाक्य माझंच. एका दुपारी लिहिलेलं, सँडविच खाताखाता.

"माफ करा हं," त्या म्हणाल्या.
मला नव्हे, पडद्याला.

मी नियम मोडला नाही. जीभ चावून बसले.

त्या रात्री दोन्ही ओ सख्खे भाऊ केले.
रिकाम्या यादीखाली लिहिलं:
'आम्हाला सापडलं नाही. तुमचं काही चुकलेलं नाही.'
'संपर्क साधा' खोडून 'विचारून पाहा' केलं,
आणि पलीकडच्या मुलासाठी
तेवढ्याच आकाराचं, तेवढ्याच ठळक अक्षरांतलं 'नाही जमणार'.
त्याचा नंबर झाकलेलाच, तो स्वतः उघडेपर्यंत.

पुढच्या आठवड्यात बाई परत आल्या, बोटं थंडीने लाल.
सहा नावं आली.
सगळ्यांत तळाशी तावेत पोदेर, वनशास्त्र, दुसरं वर्ष.
भाषेच्या रकान्यात त्याने लिहिलेलं:
'आजोबांची. बोलता येत नाही, नुसती कळते.'
माझ्या हिशेबात अपुरा, म्हणून तळाशी.

वरची पाच नावं त्यांनी सावकाश वाचली,
एकेकाला ओळख दाखवावी तशी मान हलवली,
मग तावेतवर बोट टेकवलं.
"बोलणारे आहेत की तिघं," त्या म्हणाल्या.

निरोप गेला.
क्रम कशावर लावावा, मला अजून ठरवता येत नाहीय.
तावेतचं उत्तर आलेलं नाही.
खिडकीखालच्या नदीवर बर्फाची पातळ साय धरतेय.
मी ती उसंत थोडी वाढवून ठेवलीय.