मचूळ

थोडी पिते ती,
चाव्या देताना आल्गोत एवढंच म्हणाला होता.
मला वाटलं, डिझेल.

आज रात्री दोनला पाय खाली टाकला
तर चपला जागेवर नव्हत्या.
एक इंजिनपाशी, एक शिडीखाली,
वेगळ्या चुली मांडलेल्या जावांसारख्या
तरंगत.

बाहेर वाऱ्याचं नाव नाही.
सोट्टुंगा बेटाच्या आडोशाला समुद्र
ताटात वाढून ठेवल्यासारखा.
मग हे आत आलं कुठून?

फळी उचलली. टॉर्च दातांत.
तळाशी काळं पाणी, वर तेलाची साय,
सायीवर पेन्सिलीची सालं, टुवाचं केसांचं रबर,
हेरिंगच्या डब्याचं लेबल, अक्षर न् अक्षर शाबूत.

बोट बुडवून जिभेला लावलं.
गोडं लागलं तर टाकी फुटली,
खारं लागलं तर बोट.
गोडं असेल तर झोप, खारं असेल तर ऊठ.
पण आमचा समुद्रच मुळात धड खारा नाही,
शंभर नद्यांनी पाणी घालून वाढवलेलं कालवण.
जीभ म्हणाली, मचूळ.
मचूळ म्हणजे काहीही.

बॅटरीवरचा पंप त्या सालांनीच गुदमरलेला.
तळातली साखळी धरून पुढे-मागे ओढली,
आडव्या लाकडांतली भोकं मोकळी झाली
आणि नाळेकडचं पाणी गुळगुळत मागं आलं,
उशिरा पोचलेलं वऱ्हाड.

मग हातपंप.
भाची जागी झाली. अकरा वर्षांची.
बुडतोय का आपण?
मोज, म्हटलं.

पाय वर घेऊन तिनं मोजलं.
खांदा भरून आला, हात बदलला, पुन्हा तोच.
एकशे एकोणीसला पंप कोरडा खाकरला.

लिहून ठेवायला आल्गोतची वही काढली.
कपाटात तीन वर्षं पडून होती. त्यात नुसते आकडे.
मे: ४००. ३१०. ९०.
मग उन्हाळाभर १२, ११, १२.
मी समजत होते, मासे.
जळलेही होते थोडी: एका म्हाताऱ्याला, एका दिवसात, चारशे!

हिवाळाभर वाळलेल्या फळ्या
मे महिन्यात पाण्यात उतरतात,
पितात, फुगतात,
आणि पिऊन पिऊनच मिटतात फटी.
हे मला ठाऊक होतं.
आकडे वाचताना आठवलं नाही, इतकंच.

शेवटचं पान: ३०. ४४. ४४. ६०.
ऑगस्टच होता तोही.
त्याखाली माझा फोन नंबर
आणि ठरलेली किंमत,
दोनदा अधोरेखित.

टुवानं त्याखाली ११९ लिहिलं.
पेन्सिल चावत थांबली.
सत्ताविसाव्याला जांभई आली होती, म्हणाली,
एक सुटला असेल. खोडून १२० करू?

कर, म्हटलं.

फळी परत लावली नाही.
चपला टेबलावर ठेवून
उजाडेपर्यंत दोघी
खाली बघत बसलो.