साडेपाच अँगस्ट्रॉम

लाईट गेली पावणेदोनला.
जनरेटर धरेपर्यंत सतरा सेकंद,
तेवढ्यात भट्टीचा आकडा
पाचशेवरून चारशे ब्याण्णववर उतरला
आणि मी श्वास रोखून उभी,
जणू माझ्या श्वासानंच नळीतला वायू ढळला असता.

विष्णुपुरीच्या माळावर या वेळी एवढीच खिडकी जागी.
वॉचमन लतीफभाई डोकावले,
"अजून काय शिजायलंय, मॅडम?"
इथिलीन, लतीफभाई.
दोन-दोन कार्बनच्या जोड्या,
त्यांना एका दगडातून पाठवायलीय.

दगडच म्हणायचा.
दिसायला तांदळाचं पीठ, चिमटीत मावेल एवढं,
आत मात्र गल्ल्याच गल्ल्या,
साडेपाच अँगस्ट्रॉम रुंदीच्या.
तिथं तीन जोड्यांनी हात धरून रिंगण करायचं,
अंगावरचं थोडं हायड्रोजन उतरवून ठेवायचं,
आणि बेंझिन होऊन पलीकडं निघायचं.
उतरवून घ्यायला मी वळणावळणावर जस्त बसवलंय.
शंभराला दोन ग्रॅम.
जास्त झालं की गल्ल्यांची तोंडं बुजतात,
कमी पडलं की जोड्या नुसत्या फिरून येतात.
हे "दोन" कळायला चौदा महिने गेले.

बाबांना फोनवर सांगितलं होतं हे सगळं.
मुक्ताप्पा धोत्रे, कंधार ते लोहा
विहिरी फोडलेला माणूस.
ते म्हणाले, "असला दगड मला म्हाईत हाय."

मलाही होता.
चाळीस फुटांवर सुरुंग उडाला
की काळ्या पत्थरात कधी पोकळी उघडायची,
आत पांढरे पंखे, ओले, एकावर एक.
मुकादम म्हणायचा, फेका.
बाबा एखादा खिशात टाकायचे,
रात्री आई तो तव्यावर ठेवायची,
तो फुगायचा, चुरचुरायचा, पाणी सोडायचा.
"दगडाला घाम फुटला" म्हणून आम्ही पोरं नाचायचो.
पुढं पुस्तकात वाचलं, झिओलाइट म्हणजे उकळणारा दगड.
नाव ठेवणाऱ्याच्या घरीही तवाच असणार.

सहाव्या तासाला टोल्युइनचा सुळका खचतो.
आठव्याला तो सुळका राहत नाही, उंचवटा होतो.
कोक धरला.
नळी उघडून पाहावी तर पीठ काळंकुट्ट,
जस्त जागच्या जागी आहे
पण त्याच्यापर्यंत कोणी पोचत नाही.

बाबांच्या छातीचा फोटो याच्या बरोबर उलटा होता,
काळ्यात पांढरे ठिपके.
डॉक्टरनी पेन्सिलीनं एकेक दाखवला.
मी तेव्हा एमेस्सीच्या दुसऱ्या वर्षाला,
मी विचारलं,
हे जाळून नाही काढता येत?
ते माझ्याकडं बघत राहिले.

इथं येतं.
इथिलीन बंद, नायट्रोजन, मग हळूहळू हवा,
पाचशे पन्नास, चार तास.
काजळी धूर होऊन निघून जाते
आणि पहाटे नळीत पुन्हा तांदळाचं पीठ,
जवळजवळ तेच.
नोंदवहीत लिहिते:
चक्र सहावे. पहिल्याच्या एक्याण्णव टक्के.
उरलेल्या नवांसमोर प्रश्नचिन्ह काढते,
ते खोडते,
पुन्हा काढते.

गोदावरीकडून उजाडायला लागतं.
लतीफभाई ड्यूटी सोडताना दारात थांबतात.
"शिजलं का?"
"शिजलं. जरा करपलं होतं.
घासून परत चढवलंय."