होडी खाते

अक्कलकोट रोड, एमआयडीसी, शेड नंबर चौदा.
आमच्या टॉवेल कारखान्याच्या वहीत
सूत, रंग, वीज, हमाली यांच्या खाली
चार वर्षं एक होडी उभी होती.

घेतली तेव्हा मालकांनी पेढे वाटले.
बासष्ट फूट, पांढरी, दोन इंजिनं,
नाव आईचं : लक्ष्मम्मा.
लक्ष्मम्मा साखर पेठेत विड्या वळायच्या.
हजार विड्यांमागे त्यांना काय सुटायचं
ते मालक आल्यागेल्याला सांगतात.
होडीचं सांगत नाहीत.
ते मला ठाऊक.

किंमत म्हणजे नुसती बोहनी होती.
मग मांडवीत नुसतं उभं राहायचं भाडं,
तेही फुटावर, दर महिन्याला
(आमच्याकडे भर चौकात म्हशी फुकट उभ्या राहतात).
विमा. तांडेल रोझारियो, हाताखाली दोन खलाशी.
होडी हलो न हलो, पगार सात तारखेला.
डिझेलच्या बिलावरची शून्यं मी दोनदा मोजली,
फोन लावला : हे दिवसाचं ना?
"तासाचं, बाय," रोझारियो म्हणाला.
त्याच्या मागे काहीतरी सपसप वाजत होतं.

बुडाला कालवं धरतात, ती खरवडायची.
मग कालवं मारणारा रंग.
मग पुन्हा कालवं.
"चालवली तर खर्च, बाय, नाय चालवली तर जास्त."
हे मला समजावून सांगायला नको होतं.
माझ्या बापाचे दोन माग
गिऱ्हाईक नाही म्हणून उभे राहिले, आणि उभ्या उभ्या
घर खाल्लं त्यांनी.

सीए विचारायचे, हे कुठल्या खात्यात?
वाहन दुरुस्ती.
आणि वाहन?
दारी हत्ती झुलतो म्हणतात.
आमचा चारशे किलोमीटरवर झुलत होता.

तिच्यावर एक यंत्र होतं, खाऱ्याचं गोडं करणारं.
त्याची जाळी परदेशातून येते. ते बिल आलं
त्या दिवशी आमच्या गल्लीत पाण्याची पाळी होती,
पाचव्या दिवसाची, रात्री दीडची.
नळ आधी हवा ओकतो, मग गंज, मग पाणी.
पिंप भरेपर्यंत मी मनात भागाकार केला,
लिटरला किती पडलं.
उत्तर आलं तसं झाकण लावलं
आणि दुसरं पिंप सरकवलं.

वर्षातले अकरा दिवस मालक जायचे.
सोबत कडक भाकरी आणि किलोभर शेंगाचटणी,
सगळ्या खात्यातली सगळ्यात लहान नोंद.
रोझारियो सांगायचा,
पार पुढे टोकाला जाऊन बसतात, एकटे,
पोटात ढवळतं, ओकतात,
पण मागे फिरव म्हणत नाहीत.

टॉवेल अर्थात आपलेच. अठ्ठेचाळीस, कोपऱ्यावर नाव भरलेलं.
पहिल्या खेपेला यंत्रानं एक म खाल्ला : लक्ष्मा.
मालक बराच वेळ तो कोपरा हातात धरून राहिले,
मग म्हणाले, चुकीचा माल बाजूला काढा.
त्यातले सहा मी नेले, चिंधीच्या भावानं, पावती करून.

यंदा सूत भडकलं. होडी गेली,
आली होती त्याच्या तिसऱ्या हिश्शात.
रोझारियोचे दोन महिने राहिले होते, त्याचा फोन आला.
हिशोब झाल्यावर मी विचारलं,
चार वर्षांत पहिल्यांदाच :
समुद्र कसा असतो हो?
तो जरा थांबला.
"असतो तसाच, बाय. त्याला मेन्टेनन्स नाय."

मालकांनी वही मागवली, ते पान बघितलं.
नाव खोडू नको नागमणी, म्हणाले,
शिल्लक तेवढी शून्य लिही.

लिहिलं.

घरी दोरीवर सहा लक्ष्मा.
त्रेचाळीस डिग्रीत दहा मिनिटांत वाळतात,
कडक होतात,
मिठाशिवायच.