बावीस आटे

जावयाचं नाव तुषार, आणि त्याने आणलं ठिबक.
हा विनोद मी तीनदा केला.
तिसऱ्यांदा फक्त शालन हसली,
तीही गॅस बारीक करता करता, पाठमोरी.

खोक्यात काळी नळी, सोळा एमएमची,
तिला जोडायच्या बारक्या नळ्या, शेवयांसारख्या,
चौदा ड्रिपर, एक फिल्टर,
आणि बोटाच्या पेराएवढा व्हॉल्व्ह.
तो तळहातावर घेऊन मी बघत राहिलो.
माझी चावी चार फुटी होती, लोखंडाची,
खांद्यावर टाकली की
गल्लीतली कुत्रीसुद्धा बाजूला व्हायची.

एकतीस वर्षं भांडुपच्या रस्त्यांवर
पहाटे चार चाळीसला झाकण उचलून
मी पाणी सोडलं.
बावीस आटे उघडायचे,
सहा दहाला बावीस आटे बंद.
मोजताना कुणी हाक मारली तर मी ओ देत नसे.
लोक म्हणायचे, चावीवाल्याला माज आलाय.
माज नव्हता.
चौदावा आटा होता.

तर आता रंगाची वीस लिटरची बादली
स्टुलावर, आणि स्टूल ट्रंकेवर.
नळीचं टोक गरम पाण्यात मऊ करून कोपऱ्यात वळवलं.
भोकं पाडायचा पंच नातीने कुठेतरी ठेवला,
म्हणून शालनची विणायची सुई तापवली,
म्हणून दोन भोकं गळली,
म्हणून खालच्या मजल्यावरचे डिमेलो
ओला शर्ट हातात धरून वर आले.
भांडायला आले होते. मग चष्मा लावून
फिल्टर उघडून बघत बसले अर्धा तास,
जाताना कढीपत्त्याची फांदी घेऊन गेले.

रात्री खोकल्याच्या औषधांची झाकणं गोळा केली,
प्रत्येक ड्रिपरखाली एक,
आणि घड्याळ लावून एक मिनिट.
मोगरा : दहा. झाकण भरून सांडलं.
कढीपत्ता : नऊ.
ओवा सात, गवती चहा सहा,
पुढे पुढे उतरत गेलं.
वॉशिंग मशीनच्या आडोशाची शेवटची मिरची :
दोन थेंब, आणि मग
बुडबुडा.

हा बुडबुडा माझ्या ओळखीचा.
टेकडीवरची जैतुनबी रिकामी कळशी घेऊन
व्हॉल्व्हपाशी येऊन उभी राहायची.
‘आमच्या नळाला वारा येतो, भाऊ.
वाऱ्यात डाळ शिजवू?’
मी सांगायचो, वर तक्रार करा.
वर म्हणजे ऑफिसात.
ती तर आधीच सगळ्यांच्या वर राहत होती.

एका ज्युनियर इंजिनियर बाईंनी एकदा
चहाच्या बिलाच्या पाठीवर रेघ काढून दाखवली :
शेवटचं टोक असं बंद करून सोडू नका,
फिरवून आणून पहिल्याला जोडा,
पाणी दोन्हीकडून जाईल.
बाईंची बदली झाली.
बिल माझ्या पाकिटात तीन वर्षं होतं,
घडीवर फाटलं, तेव्हा टाकलं.

टोकाची टोपी काढली.
मशीनच्या मागून, पायपुसण्याखालून नळी फिरवली,
टी लावून सुरुवातीला जोडली. बारा वाजले.
पुन्हा झाकणं, पुन्हा घड्याळ.
मोगरा सात. मिरची साडेपाच.

सारखं नाही झालं.
पण बुडबुडा नव्हता.
शालनला उठवून दाखवावंसं वाटलं,
उठवलं नाही. काय सांगणार होतो?
टेकडीवर आता कोण राहतं
ते मी जाऊन पाहिलेलं नाही.

क्षार साचतो. महिन्यातून एकदा ड्रिपर
व्हिनेगरमध्ये टाकावे लागतात.
कबुतरांनी एक नळी उपटली, ती मी बांधून घेतली.
मिरचीला फुलं येतात, बारकी, मान खाली घालून.

ह्या व्हॉल्व्हला आटेच नाहीत.
पाव वळण दिलं की झालं.
तरी चार चाळीसला मी बादलीपाशी असतो,
दोन बोटांत तो धरतो, हळू फिरवतो,
मनात मोजतो.
आतून शालन विचारते, चहा टाकू का?
मी उत्तर देत नाही.