काट्यांची खानेसुमारी

मे महिन्यात उजनीचं पाणी मागं सरकतं
आणि करमाळ्याच्या बाजूला जुन्या गावातल्या
पिठाच्या गिरणीचं जोतं उघडं पडतं.
पाणमांजरं तिथं शौचाला बसतात.
मी ते वेचायला जातो.

पगारी काम आहे. प्राणिशास्त्राचा परिचर मी,
तेवीस वर्षं बेडकांच्या बरण्या पुसल्या.
कोनापुरे मॅडम म्हणाल्या, तिप्पण्णा,
एक पिशवी, एक जागा, एक तारीख.
आणि नाक धरू नका, ताजं कुठलं ते वासानंच कळतं.

घरची चहाची गाळणी त्यात गेली.
नळाखाली धरायची, बोटानं हलकं फिरवायचं,
घाण वाहून जाते, जेवण उरतं:
खेकड्याच्या नांगीचा तुकडा,
चिलापीच्या पाठीचे काटे, अजून टोचणारे,
क्वचित कटल्याचे दात, जे तोंडात नसतात, घशात असतात.
हे मला पन्नाशीत कळलं. इतकी वर्षं कटला खाल्ला,
त्याच्या घशात कधी बघितलं नव्हतं.

ठेकेदार देवडकरांचा अर्ज तोवर कचेरीत पोचला होता.
साठ जनावरं, रोजचा एक किलो, वर्षाचे दिवस इतके,
म्हणजे बावीस टन कटला फस्त,
तरी योग्य तो बंदोबस्त व्हावा, ही विनंती.
गुणाकार बरोबर आहे. मी दोनदा करून पाहिला.
कटला हा शब्द तेवढा
कुणी गाळणीतून काढला नव्हता.

आम्ही एकशे बारा पुड्या सोडल्या.
शंभरात एकाहत्तर चिलापी,
जी देवडकर काट्यावर घेतच नाहीत, बांधावर फेकतात.
खेकडे, झिंगे, एक पाणसाप.
कटला चार.
आणि सत्त्याऐंशीव्या पुडीत नायलॉनची गाठ,
हिरवी, पोटातून जाऊनही न सुटलेली.
मॅडमनी ती कुठल्या रकान्यात लिहावी म्हणून
पेन तसंच धरून ठेवलं बराच वेळ.

बैठकीला देवडकरांनी फाटकं जाळं आणलं.
टेबलावर पसरलं. साहेबांचा चहा त्याखाली गेला.
हे बघा भोक, म्हणाले, डोकं जाईल एवढं.
सगळे भोकाकडे बघत राहिले.
मागं दाराशी यशवदा मल्लाव उभी होती,
तिला बोलावलं नव्हतं, ती मासळीची टोपली ठेवून आली होती.
म्हणाली, त्येनं भोक पाडून खाल्लं, सायेब.
ह्येंनी तर भोकच ठेवलं न्हाई.
आणि जाळ्याची दुसरी कड उचलून
तिनं आपली करंगळी घालून दाखवली.
गेली नाही.
बोटाएवढी पिल्लंसुद्धा त्यात अडकत असणार,
हे साहेबांना समजलं का, सांगता येत नाही.
त्यांनी चहा दुसरा मागवला.

अहवाल गेला. पोच मिळाली, शिक्क्यासकट.

शुक्रवारी सोलापुरात घरी मासा होता,
ज्वारीची कडक भाकरी, वर शेंगाची चटणी,
पंखा गरम वारा खाली ढकलत होता.
पोरगा काटे ताटाच्या कडेला लावत गेला
आणि मी नकळत ते वेगळे करायला लागलो:
हा पाठीचा, हा फासळीचा, हा टोचणारा.
चिलापी.
बायको म्हणाली, अहो, जेवा की.
मी विचारलं, कितीला आणली?
स्वस्त मिळाली म्हणाली, कुणी घेत नव्हतं.

पाचव्या दिवशीचं पाणी रात्री अडीचला आलं.
उजनीचंच. पाइपातून इतक्या लांबून.
घागर भरेपर्यंत मी हात धुतले, साबण लावून, दोनदा.
बोटांना वास होता तो होताच.
माझा की त्यांचा,
अंधारात हुंगून पाहिलं,
आणि दुसरी घागर लावली.